रसायनाशिवाय तीन एकर : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं शेत सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आहे. एकूण तीन एकर. त्यातलं एक एकर विहिरीच्या पाण्यावर भिजतं, बाकीचं पावसाच्या भरवशावर. खरिपात वाघ्या घेवडा (आमच्याकडचा राजमा), भुईमूग, थोडी बाजरी. रब्बीत शाळू (रब्बीची ज्वारी) आणि हरभरा. विहिरीजवळच्या तुकड्यात वर्षभर भाजी. घरात आम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं, एक खिलार गाय आणि एक म्हैस. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तेव्हा आमच्याएवढीच जमीन असलेली घरं राज्यात भरपूर आहेत, आणि त्यांचे फोनही बरेच येतात. धान्य-भाजी नेणारी कुटुंबंही विचारत असतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवलं आहे.

रसायनमुक्त म्हणजे तुम्ही काहीच फवारत नाही का?

फवारतो. निंबोळी अर्क, दशपर्णी, कधी ताक, कधी मेटारायझियमसारखी, किडींना मारणारी मित्रबुरशी. युरिया, डीएपी, तणनाशक आणि कारखान्यात बनलेली कीटकनाशकं-बुरशीनाशकं मात्र आमच्या शेतात येत नाहीत. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीच्या नियमांत मर्यादेत चालतं, पण मोरचूद हे तांब्याचं रसायनच आहे आणि तांबं मातीत साठत जातं. म्हणून आम्ही तेही वापरत नाही. दुसरं कुणी वापरत असेल तर त्याला आम्ही खोटा म्हणणार नाही, फक्त त्याने ते गिऱ्हाइकाला सांगावं.

हे सुरू का केलं?

आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती बऱ्याच घरांत आजही आहे. टोमॅटो विकायला लावायचे, त्यावर आठ दिवसांनी फवारायचं, आणि घरासाठी विहिरीच्या कडेची चार झाडं न फवारता राखायची. पोरांना त्याच झाडांचे टोमॅटो द्यायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

मग एका पावसाळ्यात हे फवारणी करून आले आणि ओट्यावरच बसले. हात थरथरत होते, तोंडाला लाळ सुटली होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस काढले, वाचले. घरी आल्यावर मी तो डबा बघितला. त्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे अतिविषारी. तोंडाला साधा रुमाल बांधून, पायात काही न घालता, वाऱ्याच्या तोंडावर हे तो फवारत होते. पुढे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा ती बातमी आमच्या घरात कुणालाच पूर्ण वाचता आली नाही.

सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या चार झाडांसारखं समदं रान कर." आमचं सगळं काम त्या वाक्यावर चालू आहे.

माझीही तीन एकरच आहे. सगळी एकदम सेंद्रिय करू का?

नका करू. रासायनिक खत एकदम बंद केलं की पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न खाली येतं, आणि लहान शेतकऱ्याला तो खड्डा सोसत नाही. कर्जाचा हप्ता त्या वर्षी थांबत नाही, पोराची फीही थांबत नाही. एका हंगामात सगळं सोडून दुसऱ्या हंगामात दुप्पट युरिया टाकणारे लोक आम्ही बघितलेत, आणि दोष त्यांचा नव्हता.

पाच गुंठ्यांपासून सुरुवात करा. गोठ्याजवळचा, रोज पाय पडतो असा तुकडा घ्या. त्यात फक्त घरी खायची भाजी आणि डाळ पिकवा. नफ्यातोट्याचा हिशोब नसल्यामुळे तिथे शिकायला मोकळीक मिळते, आणि पहिल्याच वर्षी निदान तुमच्या ताटातलं विष कमी होतं. दुसऱ्या वर्षी त्याला लागून दहा गुंठे. आम्हाला तीन एकर पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली.

सुरुवातीलाच माती तपासून घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. अहवाल आला की सगळ्यात आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. तो ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माती उपाशी आहे असं समजा आणि पहिली दोन वर्षं तिलाच खायला घाला.

युरिया बंद केला तर नत्र कुठून आणायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला शेती कळते, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे साधारण २० किलो. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का धरा. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन खत लागेल. एका जनावराचं दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण पडतं, आणि मुरल्यावर त्याचं वजन निम्म्याच्या खाली येतं. आता तुम्हीच गणित करा. दोन जनावरांच्या खतावर तीन एकर भागत नाही. जो भागतं म्हणेल त्याला हिशोब मांडायला सांगा.

म्हणून नत्र रानातच तयार करावं लागतं. आम्ही चार वाटांनी करतो. पहिली, ताग किंवा धैंचा. मृगाच्या पावसावर दाट पेरायचा आणि फुलावर यायच्या आत, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत गाडायचा. उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं आणि कुजताना उलट मातीतलंच नत्र ओढून घेतं. दरवर्षी एक तुकडा यासाठी मोकळा ठेवतो. त्या तुकड्याचं खरिपाचं पीक सोडावं लागतं, पण तिथला पुढचा शाळू बघितला की ते भरून निघतं.

दुसरी वाट, गिरिपुष्प. बांधावर फांद्या रोवल्या की येतं, गुरं फारसं खात नाहीत, वर्षातून तीनदा छाटून पाला भाजीच्या वाफ्यात आच्छादायचा. तिसरी, फेरपालट. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आम्हालाही ती उशिरा कळली. घेवडा द्विदल आहे म्हणून तो नत्र देईलच असं धरून आम्ही चाललो होतो. प्रत्यक्षात घेवड्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी फार कमी येतात, तो स्वतःच नत्राला भुकेला असतो. हरभरा, चवळी, मूग, भुईमूग यांची मुळं हलक्या हाताने उपटून बघा. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. म्हणून पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे त्या गाठी करणारे जिवाणू, चोळतो, दहा किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

चौथी वाट म्हणजे रानातलं काहीही जाळायचं नाही. शाळूचा सड, भुईमुगाची टरफलं, शेजाऱ्याने फुकट दिलेलं उसाचं पाचट, सगळं रानातच जिरतं. खड्ड्याऐवजी टाकी बांधायची असेल तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत लहान घराला फार सोयीची. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीला भोकं ठेवलेली विटांची टाकी. थोड्या शेणावर भरपूर काडीकचरा तीन-चार महिन्यांत खत होतो.

जीवामृत कसं करता? खरंच उपयोग होतो का?

दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो काळा गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत, गोणपाट झाकून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. तिसऱ्या दिवसापासून वापरता येतं, आठवड्याच्या आत संपवायचं. एका एकराला एक पिंप, तेही वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर असेल पण चिखल नसेल तेव्हा. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी हे घराघरांत पोचवलं, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

उपयोग होतो, पण ज्याच्या त्याच्या अपेक्षेवर अवलंबून आहे. आमच्या अनुभवात जीवामृत हे विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लावून दही होत नाही. मातीत पालापाचोळा, खत, ओल असेल तर फरक दिसतो. उघड्या, कडक रानात नुसतं जीवामृत ओतून काही होत नाही. एका गाईवर तीस एकर शेती होते असं सांगतात. आम्ही तसं कुणाला सांगत नाही.

शेण कच्चं टाकलं तर चालतं का?

नाही. याची किंमत आम्ही मोजली आहे. तिसऱ्या वर्षी खत कमी पडलं म्हणून एका ठिकाणाहून ट्रॉलीभर शेणखत विकत आणलं. वरून काळं दिसत होतं, आत मूठ घातली तर गरम आणि वास येणारं. पाऊस तोंडावर होता, म्हणून तसंच भुईमुगाच्या रानात विस्कटलं. श्रावणात झाडं एकेक करून पिवळी पडायला लागली. एक उपटायला गेले तर हातात अलगद आलं, मुळाला धरच नव्हता. खाली खुरप्याने उकरलं तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तांबड्या डोक्याची अळी. हुमणी. एका हातभर जागेत पाच सापडल्या. अर्धं रान गेलं.

हुमणीची वर्षाला एकच पिढी असते, म्हणून तिला गाठायची वेळही वर्षातून एकदाच येते. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दिवस मावळल्यावर तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर पाला खायला बसतात. त्यानंतर माद्या जमिनीत अंडी घालतात. त्या पहिल्या आठ-दहा रात्री आम्ही सगळे बॅटरी घेऊन निघतो. झाडाखाली जुनी ताडपत्री अंथरायची, फांद्या काठीने हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. आमच्या एकट्याच्या झाडावर केलं तर उपयोग कमी, म्हणून आता वस्तीवरची पाच घरं मिळून करतो. पोरांना त्या रात्री अभ्यास माफ असतो. शिवाय पेरणीच्या वेळी मुरलेल्या खतात मेटारायझियम मिसळून देतो. आणि खत किमान चार-पाच महिने मुरल्याशिवाय, हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत लागल्याशिवाय, रानात जात नाही.

कीड आलीच तर काय करता?

आधी बघतो. रोज सकाळी चहा झाला की भाजीच्या तुकड्यातून एक फेरी, पानं उलटून. घेवड्यावर मावा दिसला की लगेच पंप काढायचा नाही. त्याच पानावर मावा खाणारा ढालकिडा किंवा त्याची काळी-नारिंगी काटेरी अळी आहे का ते बघायचं. असेल तर तीन-चार दिवस थांबायचं. ही अळी दिसायला भीतीदायक असते आणि बरेच जण तिलाच कीड समजून चिरडतात. मुलांना पहिली ओळख तिची करून दिली.

हरभऱ्यात दर आठ-दहा पावलांवर टी आकाराच्या काठ्या रोवतो. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटेअळ्या वेचतात. सोबत मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे, त्यात नर पतंग किती सापडले यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो. टोमॅटोच्या कडेने झेंडू, घेवड्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे.

एवढं करूनही वाढली तर निंबोळी अर्क. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवतो. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, फडक्यातून पिळून काढायचा, शंभर लिटर पाण्यात मिसळायचा, चिकटायला थोडा साबणाचा चुरा. फवारणी नेहमी उन्हं उतरल्यावर. एक तर उन्हात त्याची ताकद जाते, दुसरं म्हणजे सकाळी काकडी-भोपळ्याच्या फुलांवर सातेरी मधमाश्या असतात.

दशपर्णी महिनाभर आंबवावी लागते. कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, एरंड, रुई, घाणेरी, गुळवेल असे पाले, त्यात शेण, गोमूत्र, हिरवी मिरची, लसूण. बरेच जण कण्हेर घालतात, आम्ही घालत नाही. कण्हेर जहर आहे. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक असं समजू नका. दशपर्णी फवारतानाही हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे हवेत, आणि पिंपाला पोरांचा हात लागता कामा नये.

दुकानात मिळणाऱ्या "सेंद्रिय" बाटल्या चांगल्या असतात का?

काही चांगल्या असतात. पण एकदा आम्ही फसलो आहोत. दोडक्यावर अळी वाढली होती, घरचा अर्क संपला होता. एका दुकानातून "शंभर टक्के सेंद्रिय" म्हणून बाटली आणली. संध्याकाळी फवारलं. सकाळी गेले तर मांडवाखाली अळ्या तर मेल्याच होत्या, पण मधमाश्या, ढालकिडे, एक हिरवा नाकतोडासुद्धा उताणा पडला होता. निंबोळीसारखा घरचा अर्क एका रात्रीत असं करत नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते, नोंदणी क्रमांक नव्हता.

त्या आठवड्याचा दोडका आम्ही कुणाला दिला नाही. नेहमीच्या सगळ्या घरांना फोन करून काय झालं ते सांगितलं. दोन घरांनी भाजी बंद केली, बाकीची आजही आहेत. आता घटक, नोंदणी, बनवल्याची तारीख नसलेली बाटली आम्ही हातात घेत नाही. जिवाणू खतं आणि मित्रबुरशी कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातूनच आणतो, आणि तीही उन्हात न ठेवता. गाडीच्या डिकीत दोन तास तापलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी म्हणजे नुसती पावडर.

तणाचं काय?

हेच खरं कष्टाचं काम. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी कोळपणी, मग खुरपणी, गरज पडली तर दुसरी खुरपणी. एक एकर घेवडा खुरपायला आठ-नऊ बायकांचे दोन दिवस जातात. हरळी आणि लव्हाळा खुरप्याने मरत नाहीत, उन्हाळ्यात नांगरून गड्डे-काशा उन्हात तापवाव्या लागतात, आणि तरी दोन-तीन उन्हाळे लागतात. गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटून खताच्या टाकीत.

कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरी यांना आम्ही तण म्हणत नाही. ती भाजी आहे. सासूबाई खुरपायला गेल्या की ओटीत वेगळं काढून आणतात, आणि हल्ली पुण्याची घरं तेच आधी मागतात.

बियाणं घरचं ठेवता का?

घेवडा, शाळू, हरभरा, दोडका, भोपळा, वांगं घरचं. टोमॅटो आणि कोबी विकत.

घेवड्याचं बी निवडायची वेळ काढणीनंतरची नाही, झाड उभं असतानाची. पिवळसर-हिरवे डाग पडलेली, पानं आकसलेली झाडं दिसताच उपटायची, कारण हा रोग बियाण्यातून पुढच्या वर्षात जातो. रानाच्या मधल्या भागातली, भरदार शेंगांची निरोगी झाडं लाल चिंधी बांधून राखायची. शेंगा झाडावरच वाळवायच्या, हाताने सोलायच्या. कडक उन्हं देऊन, गार झाल्यावर चाळलेली राख आणि वाळला कडुनिंबाचा पाला घालून डब्यात. पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. ऐंशी उगवले तर ठीक, साठच उगवले तर बियाणं वाढवून पेरायचं.

भोपळा-दोडक्याचं बी धरायचं तर जवळपास त्याच जातीचं दुसरं वाण नको, परागीकरण मिसळतं. गावरान बियाण्याबद्दल शिकायचं असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांची बीज बँक बघून या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथून आल्यावर आम्ही आमचे डबे पहिल्यांदा तारीख आणि जात लिहून ठेवायला लागलो.

शेजारी फवारतात. मग तुमचं शेत रसायनमुक्त कसं?

पूर्ण भिंत घालता येत नाही, हे खरं. वरच्या अंगाला आल्याचं रान आहे आणि आल्याला औषधं खूप लागतात. तिकडच्या बांधावर आम्ही तुरीच्या दोन ओळी, शेवगा आणि गजराज गवताची दाट पट्टी लावली. त्यांच्या रानातून वाहून येणारं पाणी चर काढून ओढ्याला वळवलं. कडेच्या चार ओळींचा माल वेगळा काढतो आणि तो साध्या मालाबरोबर बाजारात देतो, आमच्या नावाने देत नाही. शेजारच्या दाजींशी मनमोकळं बोललो. आता ते फवारायच्या आधी हाक मारतात, आणि वारा आमच्याकडे असेल तर दुपार टाळून पहाटे फवारतात. भांडून हे झालं नसतं.

तुमच्या भागात आलं भरपूर होतं. ते रसायनाशिवाय जमतं का?

थोड्यावर जमतं. आम्ही चारच गुंठे लावतो. खरं संकट कंदकुजीचं, आणि ती पाणी साठलं की येते. गादीवाफे उंच हवेत, पाण्याचा निचरा चोख हवा, आणि बेणं डाग नसलेल्या रानातलं हवं. बेण्याला आणि खतात ट्रायकोडर्मा. सगळ्यात महत्त्वाचं, त्याच जागी पुन्हा तीन-चार वर्षं आलं नाही. एकरांनी आलं लावून दरवर्षी तेच घ्यायचं असेल तर मी तुम्हाला हो म्हणणार नाही.

प्रमाणपत्र आहे का?

आमच्या वस्तीवरच्या पाच घरांचा पीजीएस (सहभागी हमी पद्धतीचा) गट आहे. यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात आणि जबाबदारी घेतात, खर्च जवळजवळ नसतो, कागद मात्र नीट ठेवावे लागतात. निर्यात करायची असेल तर एनपीओपीचं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ धरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१७ च्या नियमांपासून बाजारातल्या सेंद्रिय मालाच्या पाकिटावर "जैविक भारत"चं चिन्ह असतं. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला यातून सूट आहे. तरीही आम्ही सांगतो, कागदावर जाऊ नका, येऊन बघा.

भाव जास्त का?

वर खुरपणीचा हिशोब दिला आहे, तो बघा. हंगामाच्या सुरुवातीलाच आम्ही भाव ठरवतो आणि बाजार चढला तरी वाढवत नाही, पडला तरी उतरवत नाही. वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजार समितीत तो इतर राजम्याच्या ढिगातच जातो. थेट घरांना दिल्यामुळेच आम्हाला तो परवडतो.

जुलैत टोमॅटो का देत नाही?

कारण पावसात टोमॅटोवर करपा येतो आणि फवारणीशिवाय तो वाचत नाही. आम्ही जुलै-ऑगस्टला दोडका, कारली, काकडी, भेंडी, अंबाडी, तांदुळजा देतो. टोमॅटो, फ्लॉवर, मटार थंडीत. ऋतूप्रमाणे खायची तयारी नसेल तर आमच्याकडची पिशवी तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगतो.

भाजी धुवावी लागते का?

हो, नीट धुवा. आम्ही शेण आणि गोमूत्र वापरतो. पालेभाजीवर जीवामृत कधी फवारत नाही, लावणीआधीच मातीला देतो. पण पावसाने माती उडतेच.

तुमच्या धान्यात, डाळीत किडे का होतात?

गोदामातल्या धान्याला विषारी धुरी देतात, आम्ही देत नाही. धान्य आलं की एक दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल हाताने चोळा. शहरात ऊन नसेल तर दोन-दोन किलोच्या पिशव्या तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात. पावसाळ्याआधी तीन महिन्यांपेक्षा जास्त धान्य एकदम भरू नका, आमच्याकडे ते कणगीत नीट राहतं, मागाल तसं देऊ. आणि धान्यात ठेवायच्या म्हणून मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कधीही आणू नका. बंद खोलीत त्यांच्या वायूने माणसं मरतात.

शेत बघायला येऊ का?

जरूर या, फोन करून. भाद्रपदात आलात तर घेवड्याची काढणी चालू असते, जानेवारीत आलात तर शाळूचा हुरडा. रविवारी आम्ही दोघंही घरी असतो. शेतात आल्यावर वाफ्यांत पाय देऊ नका, मधल्या पायवाटेने चला. कुठलंही पान उलटून बघा, काहीही उकरून बघा, खताच्या टाकीत हात घाला. मुलांना घेऊन येत असाल तर विहिरीला कठडा नाही, त्यांचा हात सोडू नका. दुपारचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे सासूबाई रात्रीच घेवडा भिजत घालतील.